कॅट्झ डेली, न्यूयॉर्क: तिकीट जपा!
1888 पासूनचं हे डेली (ज्यू पद्धतीच्या सँडविचचं खानावळवजा दुकान) लोअर ईस्ट साइडला, हाउस्टन स्ट्रीटवर. आत शिरलं की प्रत्येकाच्या हातात एक तिकीट देतात, काउंटरवाला त्यावरच हिशोब लिहितो आणि निघताना ते दाखवायचंच, काही खाल्लं नसलं तरी, हरवलं तर 50 डॉलर दंड! टेबल सर्व्हिस आहे, पण तुम्ही लाइनीतच उभं राहा कारण कटर (मांस कापणारा) हाताने पास्ट्रामी, म्हणजे मसाला लावून धुरी दिलेलं बीफ, कापता कापता एक गरम तुकडा चाखायला देतो, कडेला मिरीचा काळा थर, आतून मऊसूत... अहाहा! (टिप द्या हो त्याला.) सँडविच महाग आहे पण एकात दोघांचं आरामात भागतं. बीफ चालत नसेल तर बटाट्याचे लाटके घ्या, किसाच्या थालीपिठासारखे लागतात. वीकेंडला दुपारी मात्र जाऊच नका, गर्दीने जीव जातो.