कूलर की चुना? स्लॅबखाली राहणाऱ्यांसाठी

आम्ही नाशिकच्या सिडकोत शेवटच्या मजल्यावर राहतो, म्हणजे थेट स्लॅबखाली. एसी लावायचा नाही हे घरात आधीच ठरलेलं. उरल्या दोन वाटा: कूलर आणायचा, नाहीतर गच्चीला चुना मारायचा. मी दोन्ही करून बसलोय, म्हणून हा लिहिण्याचा आगाऊपणा.

कूलरला मी नावं ठेवणार नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत नाशिकला तो झकास चालतो. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता सोबत नेतं, आणि एवढं काम तो दीड-दोनशे वॅटमध्ये करतो. भर दुपारी उन्हातून आलेल्या माणसाला पाच मिनिटांत थाऱ्यावर आणावं ते कूलरनंच, तिथे चुना काही कामाचा नाही. मेअखेरीस वळवाचे ढग जमू लागले की मात्र त्याचा नुसता मोठ्या आवाजाचा पंखा होतो. चादर अंगाला चिकटते, डब्याबाहेर राहिलेले पापड मऊ पडतात. पण ते दिवस थोडे, तेवढ्यावरून मी कूलर सोडला नसता.

माझं बिनसलं पाण्यावरून. टाकी 35 लिटरची. रात्री दहाला काठोकाठ भरली की अडीचच्या सुमारास संपणार. पंप कोरडा घुरघुरू लागतो, ओल्या गवताचा वास येतो आणि अंगावर कोमट वारा. मग बायको कूस न बदलता म्हणते, "संपलं वाटतं." म्हणजे मी उठायचं. बाथरूममधून बादल्या आणायच्या, अर्धं पाणी पॅसेजमध्ये सांडायचं, त्यावरून सकाळी आई घसरू नये म्हणून फडकं फिरवायचं. एवढं होईस्तोवर झोप कुठली? शिवाय बोअरच्या पाण्यानं महिन्याभरात गवतावर क्षारांचा पांढरा थर चढतो. डेंग्यूच्या डासांना साचलेलं स्वच्छ पाणीच आवडत असल्यानं आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून वाळवायची, ते वेगळंच.

अशाच एका रात्री बादली भरायला लावून मी बाल्कनीत गेलो, तर बाहेर मस्त गार वारा! समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवरचं हे गाव, कोरड्या दिवसांत रात्री हवा उतरतेच. मग आत भट्टी का? चपला न घालता गच्चीवर गेलो. रात्रीचे पावणेतीन, आणि पायाखालचा स्लॅब चहाच्या कपासारखा कोमट. दिवसभर प्यालेलं ऊन तो रात्रभर आमच्या डोक्यावर ओतत होता, आणि मी त्यावर बादलीनं पाणी घालत होतो.

पुढच्या वर्षी सोसायटीची परवानगी काढून आमच्या घरावरच्या भागापुरता चुना मारला. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजत घातला (तो उकळतो, प्लास्टिकची बादली नको, डोळे सांभाळा), गाळून त्यात थोडं फेविकॉल कालवलं. गच्ची झाडून, ओली करून, लांब दांड्याच्या ब्रशनं ऊन उतरल्यावर दोन हात मारले. सामान दीड हजाराच्या आत आलं. शेजाऱ्यांनी त्यांचा भाग तसाच ठेवला, त्यामुळे माझ्याकडे थर्मामीटर नसला तरी सीमारेषा होती. दुपारी चारला पांढऱ्यावर अनवाणी उभं राहता यायचं, पलीकडे पाऊल टेकताच उडी. घरात दुपार काही थंडगार झाली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. फरक पडला तो रात्री. दहा वाजता पंखा लावला की वरून गरम झोत यायचा तो गेला, खिडक्या उघडल्या की बाहेरची हवा कामाला येऊ लागली, आणि अडीचला कुणी उठलं नाही.

चुन्यालाही खोडी आहेत. पहिल्या दोन-चार पावसांत तो धुऊन जातो, दरवर्षी नव्यानं मारावा लागतो. आईच्या कुरडयांना पूड लागली म्हणून आठवडाभर ऐकून घेतलं, आता वाळवणाखाली जुनी साडी अंथरतो. पश्चिमेच्या भिंतीवर त्याचा काही उपयोग नाही. तिथे मी खिडकीच्या बाहेरून हिरवं शेडनेट बांधलंय. आतल्या पडद्यापेक्षा ते बरं, ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. रोपवाटिकावाल्यांच्या कृपेनं आपल्याकडे ते सहज मिळतं. 75 टक्के ऊन अडवणारं घ्या.

तुम्ही मधल्या मजल्यावर असाल, भाड्यानं राहत असाल किंवा गच्चीला आधीच पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक असेल, तर बिनधास्त कूलर घ्या, फक्त टाकी मोठी बघा. दुपारभर घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तरीही कूलर हवाच. बाकी स्लॅबखालच्यांनी, मला विचाराल तर, आधी चुना मारून बघावा. त्यानंतरही कूलर लागलाच, तर तो विकत घ्यायला वेळ गेलेली नसते.

आमचा कूलर अजून आहे. मे महिन्यात भाचे आले की हॉलमध्ये लावतो, पाणी संपलं की संपलं. चुना मात्र रंगपंचमी झाली की. रहाडीतून, म्हणजे रंगपंचमीच्या रंगीत पाण्याच्या हौदातून, भिजून आलेले पुतणे त्या दिवशी तसेही आंघोळीला तयार नसतात, त्यांच्याच हातात ब्रश देतो.