डर्बी डेटाबेस: गुळाच्या अडतीवर एक हंगाम वापरल्यानंतर

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात मामांची गुळाची अडत आहे. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यापासून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या गुळाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर निघतात, आणि त्याच्या पोटात सगळ्या नोंदी साठवणारा अपाची डर्बी हा डेटाबेस चालतो. आयबीएमने २००४ साली अपाची या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेला दिलेला क्लाउडस्केप डेटाबेस तो हाच. वेगळा सर्व्हर नको, पासवर्डांची कटकट नको. हंगामभर एकाही पट्टीचा आकडा चुकला नाही.

त्रास झाला तो बंद करण्याचा. काम संपलं की दिवाणजी थेट भिंतीवरचं बटण बंद करायचे. सकाळी पट्टीला माणसं उभी आणि प्रोग्रॅम उघडतच नाही. "आज लई वेळ लावालाय की ओ," असा त्यांचा फोन यायचा.

मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. डर्बी प्रत्येक व्यवहार आधी 'लॉग' फोल्डरात लिहितो, म्हणजे रोजमेळात. मूळ तक्त्यांत तो सवडीने जातो, ती खतावणी. मध्येच लाईट गेली तरी कमिट झालेली, म्हणजे पक्की झालेली, नोंद बुडत नाही, पण राहिलेली खतावणी दुसऱ्या दिवशी उघडताना करावी लागते. वेळ तिथे जातो. म्हणून त्या 'लॉग' फोल्डरातली फाइल जागा खाते म्हणून कधीही उडवू नका. अख्खा डेटाबेस जाईल.

नीट बंद करायचं तर 'शटडाउन=ट्रू' असं लिहून डेटाबेसशी पुन्हा कनेक्शन (जोडणी) मागायचं. इथे मी पहिले दोन आठवडे फसलो. बंद झालं तरी डर्बी एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचनाच, फेकतो! कोड एक्सजे०१५ आला तर सगळं व्यवस्थित बंद झालं. डेटाबेसचं नाव देऊन एकच बंद केला तर ०८००६. हे दोन कोड तपासायचे, बाकी काही आलं तरच चूक धरायची. मी आधी सरसकट सगळी एक्सेप्शन्स गिळत होतो, त्यामुळे खरी चूकही दिसत नव्हती: एका पट्टीचा व्यवहार अर्धवट राहिला होता आणि कनेक्शन मिटायला नकार देत होतं. आता आधी कमिट किंवा रोलबॅक (व्यवहार रद्द), मग कनेक्शन बंद, मग शटडाउन.

एक चूक मात्र महागात पडली असती. प्रोग्रॅम चालू असताना मी डेटाबेसचं फोल्डर पेनड्राइव्हवर ओढलं. घरी ती प्रत उघडलीच नाही, कारण कॉपी होत असतानाच खाली पट्ट्या निघत होत्या. चालू असताना बॅकअप हवा तर डर्बीची स्वतःची बॅकअप प्रोसीजर वापरा, नाहीतर आधी बंद करा.

आता एक्सजे०१५ आला की पडद्यावर 'वही मिटली' अशी ठळक हिरवी ओळ येते. दिवाणजी ती वाचतात आणि मगच बटणाकडे हात नेतात.