.38 स्पेशल भरताय? मऊ शिसं, हार्ड कास्ट, कोटेड की प्लेटेड

अमेरिकेत नेमबाजीच्या रेंजवर जाणारे आपले बरेच जण .38 स्पेशल या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरपासून सुरुवात करतात, मग फॅक्टरीच्या डब्यांचे भाव बघून रिलोडिंगकडे, म्हणजे वापरलेल्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) घरीच पुन्हा काडतूस भरण्याकडे, वळतात, दाबून भरायचा प्रेस येतो, त्यात लावायचे साचे म्हणजे डाय येतात, केस जमवून झालेल्या असतात आणि गाडी अडते ती बुलेट, म्हणजे केसच्या तोंडाशी बसणारी गोळी, कोणती घ्यायची इथे. दुकानात कोणालाही विचारा, एकच सल्ला मिळतो: कडक घे, मऊ शिसं बॅरलला चिकटतं. हा सल्ला .357 मॅग्नम, म्हणजे .38 चंच लांब आणि जोरदार भावंड, जोरात भरणाऱ्यासाठी ठीक आहे, पण कागदावर निवांत टार्गेट मारणाऱ्यासाठी बहुतेक वेळा उलटाच पडतो.

(भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की दारूगोळा बनवायला आर्म्स ॲक्ट 1959 खाली वेगळी परवानगी लागते, नुसत्या शस्त्राच्या लायसन्सवर घरी काडतुसं भरायला बसू नका.)

आधी मऊ शिसं. हॉर्नाडी, स्पीअर वगैरे स्वेज्ड बुलेट विकतात, म्हणजे ओतलेल्या नाहीत, शिशाची तार थंडच डायमध्ये दाबून बनवलेल्या. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा (धातू किती कडक ते सांगणारा आकडा) साधारण 5 असतो, या त्याच्यापेक्षा थोड्याच वर, नखाने ओरखडा निघतो इतक्या मऊ. मजा अशी की केसमधली पावडर पेटली की मागून प्रेशर येतं आणि मऊ बुलेटचा बूड किंचित फुगतो, बॅरलला गच्च बसतो, गॅसला बाजूने सटकायला जागाच उरत नाही. 700 ते 850 फूट प्रति सेकंद वेगाला हे काम झकास चालतं.

बाजारातली हार्ड कास्ट, म्हणजे ओतून बनवलेली कडक बुलेट, ही बहुतेक 92 टक्के शिसं, 6 अँटिमनी, 2 कथील, कडकपणा 15-16 च्या आसपास. ही हलक्या लोडच्या प्रेशरला फुगतच नाही. मग साइझला जरा कमी असली की गरम गॅस बाजूने निसटतो, जाताजाता शिसं कापतो आणि फोर्सिंग कोनच्या (बॅरलच्या मागच्या तोंडाच्या) पुढे राखाडी थर बसतो. माणूस म्हणतो अरे लेडिंग झालं, अजून कडक बुलेट आणू, की अजून लेडिंग. असे लोक मी बघितलेत, पटत नाही त्यांना.

वेग वाढवला की मात्र चित्र पालटतं. 1935 मध्ये .357 मॅग्नम बाजारात आलं तेव्हा फॅक्टरीचा माल साध्या मऊ शिशाचाच होता आणि बॅरल शिशाने भरण्याची तक्रार तेव्हापासूनची आहे. तेवढ्या वेगाला मऊ बुलेट रायफलिंगला (बॅरलमधल्या पीळदार खाचांना) धरून राहत नाही, घसरते, वरचं वंगणही पुरत नाही. तिथे गॅस चेकवाली कास्ट, म्हणजे बुडाला तांब्याची छोटी टोपी असलेली, नाहीतर सरळ जॅकेटेड, म्हणजे तांब्याच्या जाड आवरणाची, घ्या.

पण कडकपणाच्या आधी साइझ बघा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. .38 ची शिशाची बुलेट .358 इंच असते, जॅकेटेड .357. रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामी करा, दोनदा तपासा, सिलेंडर काढा आणि बुलेट थ्रोटमध्ये (सिलेंडरच्या भोकाच्या पुढच्या अरुंद भागात) पुढच्या बाजूने बोटाने ढकला. किंचित जोर लावून सरकली तर उत्तम. आपोआप खाली पडली तर थ्रोट मोठा आहे आणि अशा गनमध्ये हार्ड कास्ट हमखास शिसं सोडणार, मऊवाली फुगून थोडंफार सांभाळून घेते. जातच नसेल तर थ्रोट लहान, तिथे शिशाची कुठलीच बुलेट सुखाने चालणार नाही, गनस्मिथकडे जा.

मऊ बुलेट भरताना नखरे जास्त आहेत हे मान्य. केसचं तोंड नीट फुलवलं नाही तर कडेने शिशाची बारीक चकली सोलून बाहेर येते, सीटिंग डायमध्ये (बुलेट केसमध्ये बसवणाऱ्या साच्यात) साचते, आणि मग काडतुसांची लांबी कमीजास्त व्हायला लागते. दुसरी गंमत ली कंपनीच्या फॅक्टरी क्रिम्प डायची (क्रिम्प म्हणजे केसचं तोंड बुलेटवर आवळणं). त्यातली कार्बाइड रिंग भरलेलं काडतूस शेवटी परत दाबते, मऊ बुलेट आतल्या आत बारीक होते, आणि तुम्ही .358 च्या बुलेटचे पैसे देऊन त्याहून बारीक उडवताय हे कळतही नाही. शिशासाठी मी ती डाय वापरत नाही, साधा रोल क्रिम्प बास.

148 ग्रेन (बुलेटच्या वजनाचं माप) वजनाची होलो बेस वॅडकटर हा मऊ शिशातला खरा राजा. मागून पोकळ, केसच्या तोंडाशी सपाट बसते, कागदावर पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल भोक पाडते, त्यामुळे स्कोअर मोजताना वाद नाही. पण हिला 700 च्या आसपासच ठेवायचं. जोर वाढवला तर मागची पातळ भिंत तुटून बॅरलमध्ये राहू शकते आणि पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळली तर गन गेली, हातही जाऊ शकतो. केसही बघून घ्या, काही केसची भिंत आत लवकर जाड होते आणि ही बुलेट खोल बसत असल्याने तिचं बूड चेपलं जातं.

प्लेटेड म्हणजे मऊ शिशावर तांब्याचा पातळ मुलामा, बेरीज वगैरे ब्रँडच्या. हात स्वच्छ, धूर कमी. पण क्रिम्प जोरात दिला की मुलामा फाटतो आणि अचूकता गेली. कोटेड, म्हणजे पॉलिमर किंवा पावडर कोट, भावात साध्या कास्टच्या जवळपास, मेणाचा धूर नाही, .38 पासून मध्यम .357 पर्यंत निभावून नेते. काही इनडोअर रेंजवर उघडं शिसं चालत नाही, तिथे कोटेड चालते का ते आधीच विचारून घ्या. जॅकेटेड सगळ्यात महाग, आणि तिला फार हलकं भरायचं नाही, घर्षण जास्त असल्याने बॅरलमध्येच अडकू शकते, या बाबतीत शिसं बरंच माफ करतं.

पावडर किती हे मी इथे लिहिणार नाही, मॅन्युअलमध्ये नेमक्या त्याच वजनाच्या आणि त्याच प्रकारच्या बुलेटचा आकडा बघायचा, जॅकेटेडचा आकडा शिशाला लावायचा नाही. .38 ची केस 19 व्या शतकाच्या शेवटची, काळ्या दारूच्या हिशोबाने ऐसपैस, त्यात आजची फास्ट पावडर तळाशी चिमूटभर दिसते आणि दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही. त्यामुळे बुलेट ठेवायच्या आधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघायचं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

शिशाची भीती कुठे बाळगायची तेही सांगतो. बुलेट हातात धरण्यापेक्षा प्रायमरचा (केसच्या बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या टोपीचा) धूर आणि वापरलेल्या केस साफ करतानाची धूळ जास्त त्रासदायक, कारण बहुतेक प्रायमरमध्येही शिशाचं संयुग असतं. कोटेड घेतली म्हणून ही धूळ जात नाही. केस घासून साफ करणारा टम्बलर किचनमध्ये किंवा मुलांच्या खोलीजवळ नको, बेंचवर चहा-बिस्किट नको, काम झालं की साबणाने हात. नियमित भरत असाल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या.

आता निवड. फक्त .38, फक्त कागद, आउटडोअर रेंज: स्वेज्ड मऊ शिसं डोळे झाकून घ्या, अचूकता हवी तर वॅडकटर, नाहीतर 158 ग्रेनची सेमी-वॅडकटर (टोकाला निमुळती, पण खांद्याला धार असलेली). गन .357 ची असेल आणि तिच्यातून .38 सोबत कधी .357 पण उडवायचं असेल तर 158 ची कोटेड, एकाच डब्यात दोन्ही भागतं, फक्त .357 मध्यमच ठेवा. इनडोअरच जात असाल तर कोटेड किंवा प्लेटेड, रेंजवाले म्हणतील ती. आणि .357 च्या सिलेंडरमधून .38 भरपूर उडवलीत तर केसच्या तोंडापुढे कचऱ्याची एक रिंग बसते, मग .357 ची लांब केस आत जाता जात नाही, तेव्हा ती हातोडीने ठोकून बसवू नका, ब्रशला शुद्ध तांब्याची घासणी गुंडाळून चेंबर घासा. घासणी घेताना लोहचुंबक लावून बघा, चिकटली तर ती तांब्याचा नुसता रंग दिलेली स्टीलची आहे, दुकानात परत ठेवा.