राखणीच्या कुत्र्याला चोक चेन की साधा पट्टा?

शिवडीच्या गोदामावर कुत्रा ठेवायचा म्हटलं की बरेच जण आधी चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, आणतात. झटका दिला की कुत्रा थांबतो, हे खरं. पण तो दाब थेट श्वासनलिकेवर येतो, आणि धाकाने गुरगुरणं सोडलेला कुत्रा इशारा न देताच चावू शकतो. राखणीला असा कुत्रा धोक्याचाच, म्हणून मी चोक चेन कुणालाच सुचवत नाही.

सपाट पट्टा आणि बक्षीस, याला वेळ लागतो. हुकूम पाळल्यावर एक-दोन सेकंदांत उकडलेल्या चिकनचा तुकडा तोंडात गेला पाहिजे; उशीर झाला तर कुत्रा भलतंच शिकतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. मुंबईच्या पावसात चामडं लवकर वाळत नाही, तिथे नायलॉन बरं. माग काढणाऱ्या कुत्र्याला मात्र हार्नेसच, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टाच घाला. ओढलं तरी गळा आवळत नाही.