गावच्या मुक्कामातला तांब्याचा बंब: शोभेचा की कामाचा?

बंब म्हणजे पाणी तापवायचे उभे भांडे: मधल्या नळ्यात जाळ, भोवती पाणी. त्याला आधी पाणी, मग विस्तव. हा क्रम चुकला की बंब कामातून गेला. मधला नळा आणि बाहेरचे भांडे यांचे सांधे बऱ्याच बंबांत डाखाने, म्हणजे लवकर वितळणाऱ्या धातूच्या सांधणीने, जोडलेले असतात. पाणी भरलेले असेपर्यंत सांधा शंभर अंशांच्या फारसा वर तापत नाही. कोरड्या बंबात जाळ केला की डाख वितळतो आणि पाणी थेट राखेत ठिबकू लागते. चार दिवसांसाठी उतरलेल्या पाहुण्यांच्या हातून बंबाचे वाटोळे होते ते बहुतेकदा असेच. तोटीतून धार आली म्हणजे बंब भरला असेही नाही, झाकण काढून पातळी बघावी.

कोकणात घरगुती मुक्कामाच्या बऱ्याच ठिकाणी हल्ली बंब पडवीत शोभेला असतो, पोटात मनीप्लँट घेऊन. न्हाणीघरामागे चालू बंब असेल, तर त्या घराला आमच्याकडून एक गुण जास्त. पावसात वीज गेली की गिझर गप्प होतो, बंबाला त्याचे सोयरसुतक नसते.

घरगुती बंब साधारण पंधरा ते तीस लिटरचा. वीस लिटरचा चौघांच्या घराला पुरतो, कारण त्यातले पाणी थेट अंगावर घ्यायचे नसते. साठ अंशांच्या एका बादलीत विहिरीचे बावीस अंशांचे तेवढेच पाणी मिसळले की एक्केचाळीस अंशांच्या दोन बादल्या होतात. अंगाला सोसेल आणि तरी सुखावेल असे पाणी ते हेच. सुके लाकूड किलोभर, वेळ अर्धा तास. ओले लाकूड घातले तर वेळ दुप्पट आणि धूर वेगळाच.

जळणात खरी गंमत आहे. तळाच्या जाळीवर नारळाच्या सोडणाचा पिंजलेला काथ्या मूठभर, त्यावर झावळीच्या सुक्या काड्या, मग बोटाएवढ्या जाडीच्या ढलप्या. जाळ धरला की वरून चार-पाच करवंट्या सोडायच्या. करवंटी धग देते आणि निखाराही टिकवते. एकट्या सोडणावर पाणी तापवायला बसलात तर नुसते धुमसत राहते. नळा गळ्यापर्यंत भरण्याचा मोह टाळावा. वाऱ्याला वाट राहिली नाही की जाळ मरतो आणि सगळा धूर राखेच्या तोंडातून पायाशी येतो. तळात कालची राख साचली असली तरी हेच होते, तेव्हा पेटवण्याआधी ती ओढून काढायची. काजूची टरफले मात्र घालू नयेत. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो.

‘तांब्यात पाणी पटकन तापते’ हे सगळे सांगतात. तांबे स्टीलच्या वीस-पंचवीस पट उष्णता वाहून नेते, हे खरे. पण बंबात उष्णता अडते ती धातूत नव्हे, तर धूर आणि पत्रा यांच्या मध्ये, आणि त्यावर काजळीचा थर. त्यामुळे प्रत्यक्षात फरक लोक म्हणतात तेवढा पडत नाही. तांब्याचा खरा फायदा दुरुस्तीत आहे. पोचा काढता येतो, डाख पुन्हा देता येतो आणि अगदीच गेला तर मोडीला भाव येतो. जस्ती पत्र्याचा बंब स्वस्त, पण एकदा गंजला की संपला. विकत घ्यायचा असेल तर पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी आहेच. मठारकामाच्या, म्हणजे हातोडीने ठोके उठवलेल्या, भांड्यांसाठी ती जुन्यापासून प्रसिद्ध. घेताना चकाकी सोडा, पाणी भरून तळाचे सांधे तपासा. तोटी तळापासून दोन-तीन बोटे वर असेल तर उत्तम, बंब कधी पुरता कोरडा पडत नाही.

आता तक्रारी. तोटीतून थेंब गळणे हा बंबाचा जन्माचा रोग, आणि पाहुणे ती जोराने आवळून तो वाढवतात. देशावर बोअरचे जड पाणी असेल तर आत क्षाराचे खपले धरतात आणि पाणी तापायला उशीर लागू लागतो. बाहेरून चिंच-मिठाने घासले नाही तर आठवड्यात तांबे काळवंडते. अंग चटका बसेल इतके तापते, त्यामुळे लहान मुले असतील तर बंब त्यांच्या वाटेत नको. झाकण दाबून बसवायचे नाही, वाफेला वाट हवी. आणि बंद न्हाणीघरात बंब पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. जागा उघड्यावर किंवा मागच्या पडवीतच.

पहिली बादली काढली की लगेच तेवढेच गार पाणी वरून ओतावे, निखाऱ्यावर तेही कोमट होते. आंघोळी उरकल्यावर राहिलेली धग वाया घालवू नये. मे महिना असेल तर फणसाच्या आठळ्या धुऊन सुकवा, प्रत्येकीला सुरीने चीर द्या (न दिल्यास फुटतात आणि राख तोंडावर उडते) आणि गरम राखेत पुरा. पंधरा मिनिटांत साल सुटते. आत पिठूळ, किंचित धुरकट गर. मीठ लावून, केस वाळत असताना खायच्या. थंडीत हीच जागा रताळ्याची, फक्त त्याला पाऊण तास द्यावा लागतो.

घर सोडायच्या दिवशी विस्तव पूर्ण विझल्यावर तोटी उघडून आणि तळचे पाणी कलते करून बंब रिता करावा, राख काढावी आणि झाकण उघडे ठेवावे. पाणी आत राहिले तर पुढच्या पाहुण्याला हिरवट थर खरवडावा लागतो.