नॉक्टुआ एनएच-डी१५ : गारवा कूलर देतो, शांतता बायोसमधून येते

एनएच-डी१५ हा प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर: पातळ पत्र्यांचे दोन टॉवर, सहा हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), १४० मिमीचे दोन फॅन आणि सगळं मिळून १३२० ग्रॅम. एवढं धूड घ्यायचं ते फॅन हळू फिरवता यावेत म्हणून. वेग १५०० आरपीएमवरून (मिनिटाला फेरे) १००० वर आणला की हवा एक तृतीयांशाने घटते, आवाज मात्र जवळपास ९ डेसिबलने उतरतो. छोट्या कूलरला ही चैन परवडत नाही, डी१५ला परवडते.

पण नुसता बसवून सोडून दिलात तर तोही कटकट करेल. साधा ब्राउझर उघडला तरी प्रोसेसरचं तापमान क्षणात १५-२० अंशांनी उसळतं, आणि मदरबोर्डची मूळ सेटिंग त्यामागे फॅनला पळवते. घूं करून वर, लगेच खाली. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, या चढउताराची होत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, फॅनचा वेग वाढण्याआधीचा विलंब ३ ते ५ सेकंद ठेवा. ६० अंशांपर्यंत ५००-६०० आरपीएमची सपाट रेघ, तिथून ८० अंशांना १०००-११०० असा सावकाश चढ पुरतो.

रायझन ७७००एक्ससारखे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने बनवले आहेत. तो आकडा बघून घाबरून फॅन सुसाट सोडू नका. ६५ वॅटचा इको मोड (कमी वीज वापरायची सेटिंग) लावला की प्रत्यक्ष वीजमर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते; ६५ हा फक्त नावातला आकडा. गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही, आणि एवढी शांतता महागडा कूलरही देणार नाही. मुळातच ६५ वॅटचा प्रोसेसर असेल तर डी१५ घेऊच नका; १२० मिमीचा एक टॉवर भरपूर झाला.

उंची १६५ मिमी, त्यामुळे कॅबिनेटची मर्यादा आधी बघा. पुढच्या फॅनखाली रॅमला ३२ मिमी जागा मिळते. रॅम ४० मिमी असेल तर फॅन ८ मिमी वर सरकवावा लागतो आणि उंची १७३ होते; इथेच बाजूचं झाकण अडतं. मग पुढचा फॅन काढून फक्त मधला ठेवा. रॅमला ६४ मिमी मिळतात आणि तापमान थोडंच वाढतं.

बसवताना मधला फॅन आधी उतरवा, कारण स्क्रू त्याच्याखाली आहेत. सोबतच्या लांब स्क्रूड्रायव्हरने दोन्ही स्क्रू आळीपाळीने दोन-तीन फेरे देत घट्ट करा. एकच बाजू आधी आवळली तर कूलर तिरका बसतो आणि प्रोसेसर-कूलरमधली उष्णतावाहक पेस्ट एकीकडे जाते. कॅबिनेट दूर न्यायचं असेल तर आडवं ठेवून न्या.

दोन्ही फॅन जवळपास सारख्या वेगाने फिरले की कधीकधी लाटेसारखी घुमघुम ऐकू येते. दोन्ही फॅन एकत्र जोडणारी सोबतची वाय-केबल काढून दोघांना मदरबोर्डवरचे वेगवेगळे हेडर (फॅन जोडायच्या पिना) द्या आणि एकाचा वेग साधारण ५० आरपीएमने कमी ठेवा.