पद्मिनीचं क्रोम: उतरवलेलं ओरिजिनल की नवं डुप्लिकेट?

प्रीमियर पद्मिनी रंगाला द्यायच्या आधी क्रोमचा निर्णय झालेला बरा. बंपर, ग्रिल, दारांच्या कड्या, बीडिंग (बॉडीवरच्या सजावटीच्या पट्ट्या) हे सगळं एकदा कच्चं बसवून बघावं लागतं, आणि ते ताज्या रंगावर करायला गेलं की ओरखडे ठरलेले. त्यामुळे गाडी प्रायमरमध्ये असतानाच प्रश्न समोर येतो: कुणाच्या तरी गाडीवरून उतरवलेला ओरिजिनल भाग घेऊन पुन्हा क्रोम करून घ्यायचा, की दुकानात चकचकीत लटकलेला नवा डुप्लिकेट उचलायचा?

तिसरा पर्यायही आहे, पाकिटातला जुना कंपनी माल. तो मिळाला आणि खरा निघाला तर घ्यावा. पण पैसे द्यायच्या आधी पाकीट फोडून बघण्याची परवानगी मागा. वीसपंचवीस वर्षं दमट गोदामात कागदात गुंडाळून पडलेल्या क्रोमवर कागदाच्या घडीखाली टिपके पडलेले असतात. नुसतं पाकीट जुनं असणं पुरेसं नाही. नवा माल जुन्या पाकिटात भरणं फार अवघड काम नाही. फोडू देत नसेल तर किंमत पाकिटाची सांगतोय, मालाची नाही, असं समजावं.

आता खरी तुलना. मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड आणि चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार, या ठिकाणी दोन्ही प्रकारचा माल एकाच फेरीत दिसू शकतो. विक्रेता हमखास म्हणेल, "साहेब, हा टॅक्सीवरून उतरवलेला आहे, एकदम ओरिजिनल." इथे सावध व्हायला हवं. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. तोवरची कितीतरी वर्षं टॅक्सीला ठोकर बसली की स्वस्तातला डुप्लिकेटच लागत असे, कारण गाडी एक दिवस उभी राहणं मालकाला परवडत नव्हतं. म्हणजे टॅक्सीवरून उतरलेला बंपर जुना नक्की असेल, ओरिजिनल असेलच असं नाही. घरगुती गाडीवरून, तेही पुढचा-मागचा जोडीने उतरवलेला असेल, तर शक्यता जास्त चांगली.

ओळखायचं ते पाठीमागून. पुढची बाजू कुणीही चमकवू शकतो. बंपर उलटा धरा आणि बोल्टच्या भोकांच्या कडा बघा. कंपनीच्या डायमधून (साच्यातून) निघालेलं भोक स्वच्छ, एकसारखं असतं. ड्रिलने पाडलेल्या भोकाला मागच्या बाजूला बुरी, म्हणजे पत्र्याची खरखरीत धार, राहते, किंवा ती कानशीने घासल्याच्या रेघा दिसतात. मग वळणावर बोट फिरवा. ओरिजिनलचं वळण एका दमात झालेलं लागतं. स्वस्त डुप्लिकेटमध्ये टोकाजवळ पत्रा दोन-तीन टप्प्यांत वाकवल्याच्या हलक्या लाटा बोटाला कळतात, डोळ्याला त्या बफमुळे, म्हणजे घासून आणलेल्या चकाकीमुळे, कळत नाहीत. वजनातही फरक जाणवतो. दोन्ही एकेका हातात धरले की काटा लागत नाही.

बाजारात अख्खा बंपर घेऊन फिरणं शक्य नसतं, म्हणून फर्मा, म्हणजे कागदी नमुना, करून न्या. खाकी कागद आपल्या बंपरवर मागून दाबून धरायचा, भोकांवरून पेन्सिल घासायची, मधली रेघ आणि दोन्ही टोकं मारायची. त्याच कागदावर गाडीच्या ब्रॅकेटच्या (बंपर ज्यावर बोल्टने बसतो त्या पट्टीच्या) भोकांमधलं अंतर टेपने मोजून लिहायचं. बंपर आधीच हरवला असेल तर ब्रॅकेटवरूनच फर्मा घ्या. आणि गाडीचं वर्ष सांगितल्याशिवाय भाव विचारू नका. १९६४ची फियाट ११०० डिलाइट, मधली प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी या एकाच घराण्यातल्या असल्या तरी ग्रिल, नावाच्या पट्ट्या आणि बारीकसारीक सजावट बदलत गेली आहे. दुकानदाराच्या तोंडी मात्र सगळंच "फियाटचं" असतं.

माझा कल ओरिजिनलकडे झुकला, त्याचं कारण एकच आहे, आणि ते म्हणजे भोकं.

डुप्लिकेट बंपरची भोकं ब्रॅकेटशी जुळत नाहीत. नेहमीच नाही, पण इतक्या वेळा की त्याला अपवाद म्हणता येत नाही. फरक चार-पाच मिलिमीटरचा असतो. फिटर काय करतो? गोल कानस घेतो आणि भोक लांबट करतो. दहा मिनिटांत बंपर बसतो, गाडी छान दिसते. पण क्रोमचा थर म्हणजे मुळात निकेलवर चढवलेला मायक्रॉनच्याही अंशाइतका पातळ मुलामा, आणि तो ठिसूळ असतो. कानस लागली की कडेचं क्रोम आणि निकेल सूक्ष्म पापुद्र्यांनी उडतं आणि उघडा पत्रा राहतो, तोही नेमका वायसरखाली, जिथे पावसाचं पाणी साचून राहतं आणि पुसता येत नाही. तिथून गंज निकेलच्या खाली सरकत जातो. पहिल्या पावसाळ्यात बोल्टच्या खाली बारीक तपकिरी ओघळ दिसतो. पुसला की जातो, आठवड्याने परत येतो. दुसऱ्या पावसाळ्यात बोल्टभोवती क्रोमला फुगवटा येतो. बाकी अख्खा बंपर आरशासारखा असतो आणि नजर त्या चार ओघळांवरच जाते. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ गाडी उभी राहत असेल तर हे आणखी लवकर.

यावर उपाय आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पहिला म्हणजे बंपरला हात न लावता ब्रॅकेटचं भोक लांबवायचं. ब्रॅकेट रंगवलेला असतो. कापलेल्या कडेला झिंकचा प्रायमर आणि वर काळा रंग लावला की तो निभतो. पाच मिलिमीटरपर्यंत हे चालतं. त्यापलीकडे ब्रॅकेटची कड कमजोर होते. दुसरा उपाय, बंपर क्रोम न केलेला, कच्चा मागायचा. सगळीकडे मिळत नाही, पण मिळाला तर गाडीवर बसवून भोकं नीट करायची आणि मग क्रोमला द्यायचा, म्हणजे भोकांच्या कडांवरही थर चढतो. तिसरा, कानस लागलीच असेल तर उघड्या कडेला झिंक प्रायमर, दोन्ही बाजूंना रबरी वायसर आणि थोडं ग्रीस. यानं गंज थांबत नाही, एखादं वर्ष पुढे जातो.

दुसरी गोष्ट पाठीची. बऱ्याच डुप्लिकेटना आतून नुसता चंदेरी रंग मारलेला असतो. चाकाने उडवलेला चिखल तिथेच बसतो आणि पत्रा मागून पुढे सडत येतो. घेतलाच तर बसवण्याआधी पाठ घासून दोन हात झिंक प्रायमर द्या.

ओरिजिनलची बाजूही निर्धोक नाही. त्याची सगळी भिस्त क्रोम करणाऱ्यावर असते आणि कामं तिथेच बिघडतात. चांगल्या कामात जुनं क्रोम-निकेल पूर्ण उतरवतात, पोचे ठोकून काढतात, टप्प्याटप्प्याने बारीक होत जाणाऱ्या एमरीने घासतात, तांब्याचा थर देतात, बफ करतात, मग निकेल आणि शेवटी क्रोम. पावसापासून राखण खरी निकेल करतं, म्हणून "क्रोम जाड मारा" असं म्हणण्यात अर्थ नाही. निकेल जाड मारा असं सांगा. बाहेर राहणाऱ्या भागाला २० ते ३० मायक्रॉन निकेल हवं. घाईच्या कामात ते दहाच्याही खाली राहतं, आणि मग सहा महिन्यांत सुईच्या टोकाएवढे तांबडे ठिपके उठतात.

काम ताब्यात घेताना उन्हात बघा. क्रोमची झाक निळसर असते, निकेलची पिवळसर. बंपरच्या आतल्या वळणात, ओव्हररायडरच्या (बंपरवरच्या उभ्या ठोकळ्यांच्या) बेचक्यात, जिथे मुलामा चढवणारा विजेचा करंट नीट पोचत नाही, तिथे पिवळट छटा दिसली तर तिथे क्रोम चढलेलंच नाही. उलट टोकांना आणि कडांना करंट जास्त लागला की दुधाळ, राखाडी डाग येतात. त्याला जळालेलं क्रोम म्हणतात आणि ते पॉलिशने जात नाही, पुन्हा करून घ्यावं लागतं. अजून एक गोष्ट, गंजाच्या खड्ड्यांत पुट्टी भरलेली चालत नाही, कारण पुट्टीवर मुलामा धरत नाही. खड्डे तांब्याच्या थराने किंवा पितळेच्या झाळाने भरतात. आणि बफ करणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की अक्षरं आणि धारदार कडा जपून. जास्त बफिंगमध्ये बंपर गुळगुळीत होतो पण त्याची घडी जाते, आणि ओरिजिनल घेऊन डुप्लिकेटसारखा दिसतो.

एक क्रम चुकवू नका: पोचे काढल्यावर, क्रोमच्या आधी, बंपर गाडीवर एकदा बसवून बघा. ठोकताना वळण थोडं उघडतं आणि टोकं फेंडरपासून लांब राहतात. क्रोम झाल्यावर वाकवायला गेलात तर थर तडकतो.

दारांच्या कड्या, त्रिकोणी काचेची बिजागरी, काही बिल्ले असे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग असतील तर गणित बदलतं. चुंबक लावून बघा, चिकटत नाही आणि हाताला जड लागतं तर बहुधा तेच. त्यावरचे फोड वरवरचे नसतात, धातू आतून खाल्लेला असतो. आम्लात जुना मुलामा उतरवताना भाग आणखी विरघळतो, म्हणून बरेच क्रोमवाले हे काम घेतच नाहीत, आणि घेतलं तर जबाबदारी घेत नाहीत. अशा भागात फोड नसलेला ओरिजिनल मिळेपर्यंत थांबावं किंवा सरळ डुप्लिकेट लावावा. फोड आलेल्या ओरिजिनल कडीला जास्त भाव देऊ नये, ती दिसायलाच ओरिजिनल आहे. बिल्ल्याच्या मागच्या खुंट्या तुटल्या असतील तर मात्र हरकत नाही. तिथे बारीक स्क्रू इपॉक्सीने उभा करता येतो. डुप्लिकेट बिल्ले बरेचदा नुसत्या चिकटपट्टीवर येतात आणि उन्हात सुटतात.

बीडिंगचं बोलायचं तर ॲल्युमिनियमची पट्टी निस्तेज झाली म्हणून क्रोमला देऊ नका. तिच्यावर ॲनोडायझिंगचा (विजेच्या प्रक्रियेने आणलेला कठीण संरक्षक) थर असेल तर आधी तो कॉस्टिक सोड्याने उतरवावा लागतो, नाहीतर बफ कितीही फिरवला तरी ती ढगाळच राहते. डुप्लिकेट पट्टीत दाराच्या फटीपाशी दोन्ही तुकड्यांची रेघ जुळते का, एवढंच बघा.

रबराच्या बाबतीत मी बिनदिक्कत नव्याच्या बाजूने आहे. पुढच्या काचेचं रबर, दारांची रबरं, त्रिकोणी काचेचं रबर, ही ओरिजिनल पाकिटातली असली तरी वयाने कडक झालेली असतात. वाकवून वळणावर नखाने दाबलं की केसासारख्या भेगा दिसतात. नवीन घेताना जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून सोबत न्या आणि छेद जुळवा, फोटोवर भरवसा नको. टेललाइटची काच डुप्लिकेट चालते, फक्त लाल रंग उन्हात गुलाबी पडतो, आणि खालचं गॅस्केट पातळ असेल तर आत पाणी जातं.

आता पैशाचा हिशेब. यातले आकडे फक्त रीत कळावी म्हणून घेतले आहेत, तुमच्या बाजारातले भरा. समजा डुप्लिकेट बंपर ४,००० रुपयांना आहे आणि उतरवलेला ओरिजिनल ३,५०० ला. ओरिजिनलला डेंटरचे १,००० आणि क्रोमचे ४,५०० धरले तर ९,००० होतात, म्हणजे डुप्लिकेट निम्म्याहून स्वस्त वाटतो. पण त्याला भोकं-ब्रॅकेटचे १,००० आणि दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा क्रोमचे ४,५०० धरा. बेरीज ९,५०० होते, आणि शेवटी हातात राहतो पातळ पत्रा. गाडी वर्षातून चार वेळा, कोरड्या दिवशीच बाहेर पडणार असेल तर हा दुसरा खर्च येणारही नाही. तेव्हा डुप्लिकेट घेणाऱ्याला चूक म्हणता येत नाही.

घासाघीस करताना पोच्यांवर करू नका, पोचे निघतात. भाव पाडायचा तो दोन गोष्टींवर: भोकाजवळची चीर आणि कडेला आरपार गंज. वेल्डिंग केल्याची खूण असेल तर मात्र बंपर सोडून द्यावा. त्या जागी क्रोमखाली रेघ उमटून येते. ओव्हररायडर, त्यांचे बोल्ट आणि मधली रबरं सोबत आहेत का ते भाव ठरवण्याआधी विचारा. सुटे जमवायला गेलात तर त्यातच बरेच पैसे जातात.

५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचे नियम २०२१मध्ये आले. १९७४-७५च्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या आहेत, म्हणून काही जण या कारणासाठी ओरिजिनल बंपरचा हट्ट धरतात. त्या नियमाचा भर सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसण्यावर आहे, त्यामुळे केवळ नोंदणीसाठी बंपरला जादा पैसे मोजायची गरज दिसत नाही.

एकूण बघता पुढचा-मागचा बंपर आणि हेडलाइटच्या रिंगा मी उतरवलेल्या ओरिजिनल घेऊन क्रोमला देईन, रबर आणि काचा नव्या आणीन, आणि दारांच्या कड्यांसाठी जुन्या बाजारात चार फेऱ्या जास्त मारीन. बंपर मिळाला की आधी फर्मा त्याच्यावर ठेवून भोकं जुळवा. जुळली, तर वरचं क्रोम कितीही वाईट दिसत असो, तो घ्या.